कमळ, पतंग आणि कप : पहिलीत येणाऱ्या लेकरांच्या घरच्यांना खुलं पत्र

माझ्या वर्गात येणाऱ्या लेकरांच्या आईबाबांना, आणि घरात आजीआजोबा असतील तर आधी त्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी शाळा उघडून तीन दिवस झाले होते. एका मुलीची आई दारातच सांगून गेली होती, "बाई, हिले सारे अक्षरं येतेत. उन्हाळ्यात क्लास लावला होता." मला बरं वाटलं. मी फळ्यावर 'कप' लिहिलं आणि तिला म्हटलं, वाच बरं. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, म्हणाली "कमळ". दुसऱ्यावर ठेवलं, म्हणाली "पतंग". मग शाबासकीची वाट पाहत माझ्याकडे बघत उभी राहिली.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. जे शिकवलं होतं ते तिनं बिनचूक सांगितलं. कमळाला पतंग जोडला की कप कसा होतो, हे मलाही सांगता आलं नसतं.

मी २४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीला शिकवते आहे, सगळी अकोला जिल्ह्यात. पहिली सात-आठ वर्षं मीही हेच केलं. सकाळी परिपाठ झाला की तक्त्यावर छडी ठेवायची आणि पोरं ओरडायची, क कमळाचा, ख खटाऱ्याचा. वर्ग दणाणून जायचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काय शिकवतात बाई! दिवाळीनंतर पुस्तक उघडलं की तोच वर्ग मुका. मी तेव्हा पोरांना दोष द्यायचे, कधी तुम्हाला. त्या वर्षांतली पोरं आता बाप्ये झालीत, बाजारात भेटली की नमस्कार करतात, आणि मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं.

तर मुद्दा असा. आपल्या मराठीचं एक भाग्य आहे. 'क' या अक्षराचं नाव काय? क. त्याचा आवाज काय? क. नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत तसं नाही. ज्याला 'बी' म्हणायचं त्याचा आवाज 'ब्'. ज्याला 'एच' म्हणायचं, त्याच्या नावात 'ह' औषधालाही नाही. 'डब्ल्यू' सुरू होतो 'ड'नं आणि काम करतो 'व'चं, आणि 'वाय' सुरू होतो 'व'नं आणि काम करतो 'य'चं. तिथं लेकराला प्रत्येक अक्षरामागे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. आपल्याकडे एकच. आणि आपण काय करतो, तर आयतं हाती आलेलं सोडून मध्ये एक कमळ आणून बसवतो. मग लेकराच्या डोक्यात अक्षराचं नाव 'कमळ' असं बसतं आणि आवाज राहतो बाजूला.

चित्राशी माझं भांडण नाही. अंकलिपी माझ्याही घरी होती, तिच्या पानांचा वास अजून आठवतो. भांडण आहे ते क्रमाशी. आधी शब्द बोलायचा, त्यातला आवाज कानानं पकडायचा, आणि आवाज पकडीत आला की सांगायचं, हा आवाज लिहायचा तर असा लिहितात. म्हणजे अक्षर सगळ्यांत शेवटी येतं. आणि शब्द लेकराच्या ओळखीचा हवा. ऐरण आमच्या गावात आता एकाही घरी नाही. एडका म्हटलं की पोरं विचारतात, म्हणजे बोकड का बाई? ऐरणीवरून 'ऐ' शिकवण्यापेक्षा "ऐक ना गं" यातला 'ऐ' लेकरू दिवसातून पन्नासदा बोलतं.

आता घरी काय करायचं ते सांगते. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना पाटी लागत नाही, पुस्तक लागत नाही, आणि वाचता येणारं माणूसही लागत नाही.

स्वयंपाक करताना म्हणा, "या घरात मी एक वस्तू पाहून ठेवली आहे, ती 'ता'नं सुरू होते." लेकरू म्हणेल ताट. तुम्ही म्हणा, नाही, अजून एक आहे. तांब्या. असं दोन-चार दिवस चालू द्या. मग एक दिवस विचारा, "ताट, तेल, तूप, तवा. या सगळ्यांच्या सुरुवातीला जीभ कुठं लागते?" लेकरू म्हणून बघेल आणि सांगेल, दाताला. हा जो क्षण आहे ना, तो सहा महिन्यांच्या घोकंपट्टीच्या मोलाचा आहे. कारण 'ता', 'ते', 'तू', 'त' ही कानाला चार वेगळी अक्षरं आहेत. त्या चारांत लपलेला एकच 'त्' ज्याला सापडला, त्याला काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सगळं पुढं खेळ वाटतं. पण घाई नको. आधी 'ता'ला 'ता' जुळू द्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला अख्खं अक्षरच ऐकू येतं, त्याच्या पोटातला आवाज नंतर.

दुसरा खेळ तुकड्यांचा. "मला जरा ता... ट आण." "तुझी चप्... पल कुठं आहे?" गोगलगायीसारखं बोलायचं आणि लेकरानं तुकडे जोडून वस्तू आणायची. मग उलट. त्यानं तोडून बोलायचं, आपण ओळखायचं. वाचणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? डोळ्यांनी तुकडे पाहायचे आणि तोंडानं जोडायचे. जोडायची सवय तोंडाला आधीच झालेली असली की डोळ्यांचं काम तेवढं उरतं. 'कप'पुढे अडलेल्या त्या मुलीला अक्षरं ३६ येत होती, जोडणं एकदाही कुणी करून घेतलं नव्हतं.

तिसरा खेळ तुम्हाला माहीतच आहे, भेंड्यांचा. गाण्यांच्या भेंड्या मोठ्यांना, लहानांना शब्दांच्या. घर, मग 'र'वरून रताळं, मग 'ळ' आला की सगळ्यांनी हसायचं, कारण 'ळ'नं मराठीत शब्दच सुरू होत नाही. 'ण'नंही नाही. हे लेकराला स्वतःहून कळू द्या. एका पोरानं मला येऊन सांगितलं होतं, "बाई, ळ नेहमी मागं बसते." मी तेव्हापासून तसंच शिकवते.

एका आईबद्दल सांगायलाच हवं. ती शाळेत कधी गेली नव्हती. कापूस वेचायला जायची, आणि तिचा मुलगा सोबत. पहिलीत आला तेव्हा त्याला एकही अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि संक्रांतीला तो वर्गात सगळ्यांच्या पुढं वाचत होता. मी त्याच्या आईला विचारलं, काय करता हो घरी? ती म्हणाली, काहीच नाही बाई, शेतात जाताना एकमेकाला कोडी घालतो, आणि ओळीनं नावं घेतो. म्हणजे काय, तर 'त'ची वस्तू ती म्हणायची तूर, तो म्हणायचा तीळ, ती म्हणायची तुऱ्हाटी, तो म्हणायचा तण. 'प'ची पऱ्हाटी, पाटा, पाऊस. शेत येईपर्यंत हे चालायचं. तुमच्यापैकी ज्यांना वाटतं की आपल्याला वाचता येत नाही तर आपण काय शिकवणार, त्यांच्यासाठी मी ही गोष्ट दरवर्षी सांगते.

मग येतं तोंड. अक्षर तोंडात कुठं तयार होतं हे लेकराला दाखवता येतं, आणि त्यासारखी गंमत नाही. आरशासमोर बसवा आणि सांगा, ओठ न मिटता 'बाबा' म्हणून दाखव. होत नाही. 'मामा' होत नाही, 'पापड' होत नाही. 'काका' मात्र होतं. नाक चिमटीत धरून 'मामा' म्हणायला लावा, ऐकून घरभर हसू होतं. तोंडासमोर तळहात धरून 'क' आणि 'ख' म्हणायला सांगा, 'ख'ला वारा लागतो. 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', तेच. गळ्यावर बोट ठेवून 'क' आणि 'ग' म्हटलं तर 'ग'ला बोटाला गुणगुण कळते. आपल्या वर्णमालेत क, च, ट, त, प या पाच ओळी काही कशाही लावलेल्या नाहीत. गळ्यापासून निघून टाळूवरून, दातांवरून ओठांपर्यंत ती वाट येते, आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर नाकातलं. तोंडाचा नकाशाच तो. मला तो डी.एड.ला असताना कुणी नीट समजावला असता तर मी तक्त्यावर छडी आपटली नसती.

पण नकाशा सुंदर आहे म्हणून त्याच क्रमानं शिकवायला जाऊ नका. क, ख, ग, घ, ङ या क्रमानं गेलं तर पाचव्याच अक्षराला गाडी अडते. 'ङ'चं काय? काही नाही. पुढं 'ञ'चं? तेही काही नाही. सहा वर्षांच्या मुलाला 'काही नाही' शिकवण्यात दोन दिवस कशाला घालवायचे? ही अक्षरं मोठेपणी आपोआप भेटतील.

आणि 'आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी' हा हट्टही सोडा. मला हे कळायला फार वर्षं लागली. काना-मात्रा यायच्या आधी वाचायला द्यायचं म्हणून आपण जे शब्द गोळा करतो, त्यात लेकराच्या घरातलं एकही माणूस नसतं. जरा बघा: आई, बाबा, आजी, दादा, ताई, काका, मामा, नाना. सगळ्यांच्या अंगावर काना आहे किंवा ती थेट 'आ'वर उभी आहेत. ज्यांच्यावर जीव आहे तीच माणसं लेकराला तीन महिने वाचायला मिळत नाहीत, आणि त्याऐवजी ते 'शरद गवत धर' असलं काहीतरी वाचतं, जे जगात कुणी कुणाला बोललेलं नाही.

मी आता पाच अक्षरं आणि एक काना एवढ्यावर सुरू करते. क, न, म, द, ब. यातून काका, नाना, मामा, दादा, बाबा अशी पाच माणसं पहिल्या पंधरवड्यात वाचता येतात. कान येतो. कान उलटा केला की नाक. मान उलटी केली की नाम. काम, दाम, बाक. पोरं हे उलटंसुलटं करायला लागली की त्यांना थांबवावं लागतं. 'कान'चा 'नाक' होताना अक्षरं तीच, जागा बदलली, आवाज बदलला. 'कमळाचा क' घोकून हे कधी हाती येत नाही.

हिशेबच करून बघा. आपली व्यंजनं ३४, शिवाय क्ष आणि ज्ञ. प्रत्येकाची बाराखडी म्हणजे ४३२ आकृत्या. २००९च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले, तेव्हापासून चौदाखडी धरली तर पाचशेच्या वर. हे सगळं पाठ करायला बसवलं तर कुणाचंही डोकं फिरेल. पण काना एकदा कळला की तो छत्तीसही अक्षरांना तसाच लागतो. म्हणून अक्षरं थोडी आणि चिन्हं लवकर. एक मात्र सांभाळा, दिसायला जुळी अक्षरं एका आठवड्यात आणू नका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, थ आणि य. एक चांगलं मुरलं की मग दुसरं.

इथं एक खाचखळगा आहे. 'घ' आणि 'र' जोडून लेकरू म्हणतं "घरऽ", शेवटचा 'र' पूर्ण. आपण बोलतो तेव्हा तो 'र' पाय मोडल्यासारखा असतो. 'कमळ' तसंच, 'बदक' तसंच. रागावू नका. "घरऽऽ म्हणजे काय रे?" एवढंच विचारा. दोनदा म्हटलं की त्याला स्वतःलाच 'घर' ऐकू येतं आणि डोळे चमकतात.

आता बोलीचं. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण इथं आपण मोठी माणसं लेकराला फार दुखावतो. आमच्या वऱ्हाडात डोळ्याला डोया म्हणतात, केळ्याला केयं, सकाळला सकाय. पाणी पुष्कळ घरांत पानीच असतं. एका मुलाला मी 'डोळा'तला मधला आवाज विचारला तर तो म्हणाला, "य". मी चूक म्हटलं. तो म्हणाला, "बाई, आमच्या घरी तं डोयाच म्हणतेत." बरोबरच होतं त्याचं! त्याच्या कानानं जे ऐकलं तेच त्यानं सांगितलं, आणि कानानं ऐकून सांग असं मीच शिकवलं होतं. आता मी सांगते, घरी डोया, पुस्तकात डोळा, दोन्ही आपलेच. जीभ मागं वळवून टाळूला लावली की 'ळ' येतो, चला करून बघू. तुम्ही घरी आपली बोली बोलत राहा. आजीला बोली बदलायला लावू नका. शुद्ध बोलण्याच्या धसक्यानं लेकराशी बोलणंच कमी झालं, तर 'ळ' येईल आणि बाकी सगळं जाईल.

आणि प्रमाण मराठी तरी कुठं सरळ आहे? 'च चमच्याचा' शिकलेल्या मुलाला चिमणी दाखवा. चमच्याचा च दाताजवळ, चिमणीचा टाळूजवळ. जाळं आणि जीभ, झाड आणि झेंडा, तीच कथा. मोजायचे चार आणि गुरांचा चारा यात तर एका कान्याचाच फरक, तरी च बदलला. लिहायला चिन्ह एकच. एखादं तल्लख लेकरू तुम्हाला हे विचारेल. "तू म्हणतोस ते खरं आहे, हा च दोन आवाज काढतो," असं सांगा. गप्प बस म्हणू नका. त्याचा कान तयार झालाय म्हणूनच ते विचारतं.

मोबाईलवरच्या व्हिडिओंबद्दल दोन शब्द. देवनागरी अक्षरं शिकवणारे बरेचसे व्हिडिओ हिंदीचे असतात, आणि दिसायला अक्षर सारखं असल्यानं आपल्याला वाटतं चालतंय. त्यांच्या वर्णमालेत ळ नसतो. त्यांचा च एकच, टाळूचा. 'ज्ञ'ला ते 'ग्य' म्हणतात, आपण 'द्न्य'. त्यांचा 'ऐ' आपल्या 'ॲ'कडे झुकतो, म्हणून वर्गात एक पोर "मला ॲकू येतं" म्हणायला लागलं तेव्हा मी ओळखलं, उन्हाळा कुठं गेला ते. हिंदी शिकावीच, पण मराठी अक्षरांचा आवाज मराठी तोंडातून ऐकू द्या. तुमच्या.

लिहिण्याची घाई तर अजिबात नको. तीन-चार वर्षांच्या बोटांना पेन्सिल धरायची ताकदच आलेली नसते. कणकेचा गोळा मळू द्या, शेंगा सोलू द्या, ओल्या बोटानं अंगणात अक्षर काढू द्या, ताटात तांदूळ पसरून त्यात गिरवू द्या. आपले पूर्वज धुळाक्षरं काढत होते, ते काही वेडे नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालवाडी चालवली, तेव्हा शंखशिंपले, पानं, बिया हेच त्यांचं साहित्य होतं. आपल्या अंगणात यातलं काय नाही? एकाच अक्षराच्या दहा ओळी लिहून घेणाऱ्यांनी पहिली ओळ आणि दहावी ओळ शेजारी ठेवून पाहावी. दहावी नेहमी वाईट असते. पाच-सहा वर्षांचं मूल अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढतं, त्यालाही घाबरू नका, जातं ते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आमचा मोठा इंग्रजी शाळेत आहे, त्याचं काय. थोडक्यात सांगते. एबीसीडीचं गाणं पाठ असणं म्हणजे वाचता येणं नव्हे. गाण्यात एल-एम-एन-ओ-पी एका दमात येतं आणि पुष्कळ लेकरांना ते एकच अक्षर वाटतं. आधी आवाज सांगा, नाव मागाहून. आणि आवाज सांगताना 'बी' नको, 'बऽ' सुद्धा नको, पाय मोडलेला 'ब्' सांगा. फोनिक्सच्या, म्हणजे आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या, क्लासला लोक हजारो रुपये मोजतात, आणि तिथं जी गोष्ट शिकवायला सगळ्यांत जड जाते ती आपल्याकडे शेकडो वर्षं पाय मोडून तयार आहे. सुरुवात म्, स्, न् अशा लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा, ते जोडायला सोपे. 'बी-ए-टी बॅट' घोकलेल्या मुलाची परीक्षा घ्यायची असेल तर पहिलं अक्षर काढून तिथं 'एम' ठेवा. आवाज येत असेल तर 'मॅट' म्हणेल. पाठांतर असेल तर तुमच्या तोंडाकडे बघेल, त्या कमळ-पतंगवालीसारखं.

घाई कशासाठी करता, हेही मला कळत नाही. प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घेणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद केलं आहे. ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेचं लक्ष्यसुद्धा मुलानं तिसरीच्या अखेरीपर्यंत समजून वाचावं असं आहे. नर्सरीपर्यंत असं कुणीच म्हटलेलं नाही. कन्नडची लिपी आपल्यासारखीच अक्षरांची, आणि त्या शाळांतल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवलं आहे की चौथीतली मुलंही अजून अक्षरं पक्की करत असतात. आपली लिपी सोपी असली तरी लांबलचक आहे. शेजारणीची मुलगी साडेतीन वर्षांची असताना बाराखडी म्हणते हे ऐकून तुम्ही आपल्या लेकराच्या पाठीस लागता, आणि ते जूनमध्ये माझ्याकडे येतं तेव्हा पुस्तक दिसलं की पोटात दुखतं म्हणतं. ते दुखणं काढायला मला दिवाळी उजाडते.

एक गोष्ट मात्र टाळू नका. चार वर्षांच्या मुलाला 'र' किंवा 'श' न जमणं नेहमीचं आहे. पण हाक मारल्यावर वळत नसेल, कान वाहत असेल, टीव्हीला चिकटून बसत असेल, किंवा पाच-सहा वर्षांचं होऊनही घराबाहेरच्यांना त्याचं बोलणं कळत नसेल, तर कान तपासून घ्या. कानानंच शिकायचं म्हणते आहे मी, तर कान आधी.

बाकी वाचायला घरात काय कमी आहे? बिस्किटाचा पुडा, मिठाची पिशवी, लग्नपत्रिका. एसटी स्टँडवर उभं असताना पाट्या दाखवा. आमच्याकडे 'अकोट' आणि 'अकोला' दोन्ही बसेस लागतात आणि दोन्हींची सुरुवात एकच. माझ्या वर्गातल्या एका पोरीला मामाच्या गावाला जायचं होतं तेव्हा तिनं शेवटचा 'ट' बघून आईला चुकीच्या गाडीतून खाली उतरवलं होतं. आई अजून ते सगळ्यांना सांगते.

आणि सगळ्यांत चांगलं पुस्तक तुमच्या फळीवर उपडं घातलेलं आहे. लग्नातली, बारशातली, वाढदिवसाची भांडी. प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी कुणाचं तरी नाव कोरलेलं. आजोबांचं, आत्याचं, कुण्या मावशीकडून सप्रेम भेट. बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागतं. भांडी घासून झाली की लेकराला विचारा, यात तुझ्या नावातलं एखादं अक्षर सापडतं का? पूजाला 'पुष्पा'तला 'प' सापडेल, पण तिथं उकार आखूड आहे, तिचा लांब. तिला सांगू नका, तिलाच दिसू द्या.

विदर्भात उन्हामुळे शाळा जरा उशिरानं उघडतात, म्हणजे तुमच्या हातात जून महिन्याचे चार दिवस जास्तच आहेत. अक्षरं शिकवून पाठवा असं माझं म्हणणं नाही, ते काम माझं. पण पहिल्या दिवशी दप्तरासोबत घरातलं एक नाव कोरलेलं भांडं पाठवा. वाटी, पेला, काहीही चालेल. ते कुणाचं नाव आहे आणि ते माणूस कोण, एवढं लेकराला ठाऊक असू द्या. भांडी संध्याकाळी परत मिळतील, मी यादी करून ठेवणार आहे. मागच्या खेपेला एक झाकण हरवलं होतं, ते माझ्याकडेच सापडलं, ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं.

आपली,
पहिलीच्या बाई